मणी म्हणजे दगड का? (डवरताना एक सापडला, त्यावरून)

वावरधुरा, रविवार रात्री 9.20

राजेहो, प्रश्न शब्दाचा आहे, पण सुरुवात वावरातून करावी लागते.

परवा पऱ्हाटीत डवरे चालू होते. आदल्या रात्री चांगला सडाका येऊन गेला होता, वरची माती धुतलेली. तासात काहीतरी लाल चमकलं. आधी वाटलं, गुंज असेल. उचललं तर दगड निघाला. वालाच्या दाण्याएवढा, लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळता, विटेसारखा लाल. उन्हासमोर धरला की आत उजेड शिरतो. आणि आरपार भोक.

घरी आणून आजीच्या हातावर ठेवला. तिनं पाहिला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "मणी होय थो."

भाचा नागपुरात शिकतो. तो म्हणाला, "आजी, हा खडा आहे. किमती असतो. अंगठीत बसवू."

"अंगठीत बसवते त्याले खडा म्हंते. ह्याले भोक हाये. भोक हाये म्हून मणी."

भाच्यानं मोबाईल काढला. तिथं लिहिलेलं, मणि म्हणजे रत्न, मौल्यवान पाषाण. आजी म्हणे, "मंग माह्या तुळशीच्या माळंत काय पाषान हायेत?" भाचा गप्प.

तर जाणकारांना विचारायचं ते हे, की मणी हा शब्द मुळात दगडाचा आहे का? आला कुठून? आजी बरोबर की मोबाईल?

फुकटचा_सल्ला

आजी. पुढचा प्रश्न विचारा.

फुकटचा_सल्ला

बाकी भोकवाला लाल दगड म्हणजे नागमणीच. आमच्याकडे दर दोन वर्षांनी एकजण येतो विकायला. अंधारात चमकतो म्हणतो, पण दाखवायला दिवसाच आणतो.

पोथीवाले_गुरुजी, सोमवार सकाळी 6.05

वावरधुरा, तुमचा भाचा चुकला नाही, तो उशिराच्या काळातलं बरोबर बोलला. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहानं रचलेल्या जुन्या संस्कृत कोशात, सरळ ओळ आहे: "रत्नं मणिर्द्वयोरश्मजातौ मुक्तादिकेऽपि च". अश्म म्हणजे दगड. दगडाची जात असो की मोती वगैरे, त्याला रत्न म्हणा नाहीतर मणि म्हणा. अमरसिंहापर्यंत दोन्ही शब्द एका खुंटीला बांधले गेले होते. मधलं "द्वयोः" म्हणजे मणि हा शब्द पुल्लिंगीही चालतो आणि स्त्रीलिंगीही. आपण मराठीत पुल्लिंगीच ठेवला.

पण त्याच्या मागं जा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळात, 33व्या सूक्तात इंद्राच्या शत्रूंचं वर्णन आहे: "हिरण्येन मणिना शुम्भमानाः". सोन्याच्या मणीनं शोभणारे. दगडाचं नाव नाही, मणी सोन्याचा आहे. त्याच मंडळात 122व्या सूक्तात "मणिग्रीव" असा शब्द येतो. ग्रीवा म्हणजे मान. मानेत मणी असलेला.

अथर्ववेदात तर मण्यांचा बाजारच भरला आहे, आणि त्यात दगडाचे मणी शोधावे लागतात. तिसऱ्या कांडात पर्णमणि आहे. पर्ण म्हणजे आपला पळस, त्याच्या लाकडाचा. चौथ्यात शंखाचा मणी. दुसऱ्यात जङ्गिड नावाच्या वनस्पतीचा. एकोणिसाव्यात औदुंबराचा आणि दर्भाचा. दर्भ म्हणजे गवत हो! गवताचाही मणी होतो. हे सगळे अंगावर बांधायचे. रोग, शत्रू, वाईट नजर यांपासून राखण म्हणून.

म्हणजे वेदातला मणी कशापासून केला याला महत्त्व नाही. बांधला आहे, गळ्यात आहे, याला आहे. तुमच्या आजींची तुळशीची माळ तिथं बसते आणि अंगठीतला पुष्कराज बसत नाही.

पोतवाली, सोमवार दुपारी 1.30

मी आठवडी बाजारात पोत गुंफायला बसते. माझी माय बसायची, तिची सासू बसायची. आमच्या धंद्यात हा घोळ कधीच नव्हता. जडवायचा तो खडा, ओवायचा तो मणी. सोनार खडा कोंदणात बसवतो, त्याला भोक असलं तर माल वाया गेला. आमच्याकडे भोक नसलं तर माल वाया गेला. डोरल्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे मणी असतात, मधे काळे काचेचे. कोणी म्हणतं का सोन्याचा खडा, काचेचा खडा? आजीला माझा नमस्कार सांगा.

आणखी एक. तुमच्या मण्याचं भोक दोन्ही तोंडांकडून नीट पाहा. सुई घालून पाहू नका, तडकेल. दोरा घाला. मधे अडतो का सांगा.

वावरधुरा

दोरा गेला, पण मधे थोडा अडला. पीळ देऊन ढकलावा लागला. काऊन विचारलं?

माती_खडक, सोमवार रात्री 10.15

पोतवाली ताईंनी नेमकी नस धरली. मी अमरावतीत भूगर्भशास्त्र शिकलो, त्यामुळे या धाग्यात बोलायचा हक्क सांगतो.

दगडाच्या मण्याला पूर्वी एका बाजूनं अर्ध्यापर्यंत भोक पाडत आणि मग उलटून दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं पाडलं तर शेवटी टोकाची कपची उडते. दोन भोकं मधे भेटतात तिथं थोडी चूक राहते, पायरी पडते. तुमचा दोरा तिथंच अडतो आहे. मशीनवर केलेल्या मण्यात असं सहसा होत नाही.

तुमच्या वर्णनावरून दगड कार्नेलियन वाटतो, म्हणजे अकीकाच्या जातीतला लाल. अकीक हा शब्द अरबीतून आला. आपला पश्चिमेकडचा विदर्भ काळ्या बेसाल्टवर बसला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिका झिरपून साचत गेली. त्याचेच गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी. वखरताना फाळाला लागणाऱ्या पांढुरक्या गारा त्याच. पण निसर्गात इतका लाल खडा फार सापडत नाही. पिवळट, तपकिरी दगड हळूहळू भाजला की त्यातलं लोह लाल होतं. खंभातचे कारागीर आजही अकीक भाजूनच लाल करतात. त्यांचा दगड भरूच-राजपीपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणींतून यायचा. गावाचं नावच रतनपूर.

आता विदर्भाचं. नागपूरच्या वायव्येला माहूरझरी आहे. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 मध्ये तिथं उत्खनन केलं. आपल्याकडची ती मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं असतात ना, जुनापाणीला शेकड्यांनी आहेत, ती लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनं. माहूरझरीच्या वर्तुळांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. आणि मणी. पूर्ण झालेले, अर्धवट भोकाचे, फुटलेले, कपच्या. म्हणजे तिथं मणी नुसते वापरत नव्हते, घडवत होते. पाऊस पडून गेला की शेतात मणी वर येतात, हे तिथलं जुनं वैशिष्ट्य. काही लाल मण्यांवर पांढऱ्या रेघा असतात. त्या सोड्याच्या लेपानं काढून वरून भाजलेल्या.

तुमचा मणी त्यांपैकीच आहे असं फोटोशिवाय म्हणणार नाही. पण दोरा अडला हे वाचून मला झोप लागणार नाही.

सातबारा

शब्दाचा कीस पाडा, पण एक नोकरीतली सवय जात नाही म्हणून सांगतो. 1878 चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपयांवरची! तेव्हा दहा रुपयांत काय काय यायचं. आज चहा-पोहे होतात. आणि गावाचं नाव, गट नंबर इथं टाकू नका. उद्या रात्री टॉर्च घेऊन चार जण तुमच्या पऱ्हाटीत.

फुकटचा_सल्ला

सातबारा साहेब, पोह्यांसोबत तर्री धरली तर दहात होत नाही.

परदेशी_पऱ्हाटी, मंगळवार

मूळ यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब, सध्या पोटासाठी दूर. आमचा चिंतामणी म्हणजे लहानपणापासून ओठावरचं नाव, पण त्यातला मणी काय हे कधी विचारलं नव्हतं. गुरुजींच्या "मणिग्रीव" वरून पुढे नेतो.

अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, गिधाडाला "जरनु-मइनि" असं विशेषण आहे. जरनु म्हणजे सोनं, आपल्या हिरण्याचं भावंड. मइनि म्हणजे मणि. सोनेरी गळपट्ट्याचं गिधाड. तिथंही दगड नाही, मान आहे. लॅटिनमध्ये "मोनिले" म्हणजे गळ्यातला हार. जुन्या इंग्रजीत "मेने" म्हणजे हारच. जुन्या आयरिशमध्ये "मुइन" म्हणजे मान. आणि संस्कृतात "मन्या" म्हणजे मानेचा मागचा भाग. भाषाशास्त्राचे लोक हे सगळे एका कुळातले धरतात, आणि त्या कुळाचा मूळ अर्थ मान.

आता घरी या. संस्कृत मन्या, प्राकृतातून येत येत मराठीत काय झाली? मान! आपली रोजची मान. म्हणजे "मानेत मणी" म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो.

(गिधाडावरून आठवलं. लहानपणी गावाबाहेर ढोरफोडीवर गिधाडं बसलेली पाहिली आहेत. जनावरांना देत त्या डायक्लोफिनॅक औषधानं ती गेली. आता पोरांना गिधाडाची मान दाखवायची तर पुस्तकात.)

वावरधुरा

थांबा. मग मणका?

मागच्या वर्षी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन माझी कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, मणका सरकला. तो मणका म्हणजे...

परदेशी_पऱ्हाटी

तोच. मणि, त्याला क लागून मणका, म्हणजे मणीच. पाठीचा कणा म्हणजे ओवलेली माळ, मधून दोरा गेलेला. "मानेचा मणका" म्हणालात की कुळातली दोन भावंडं शेजारी बसली. मनगटाला संस्कृतात मणिबंध म्हणतात, जिथं मणी बांधायचा ती जागा.

पोतवाली

आणि मण्यार. आमच्या बाजूच्या दुकानात बांगड्यावाले मण्यार बसतात. मणिकार, मणी करणारा. त्यांच्या दुकानात आज मणी नाही एक, सगळ्या बांगड्या. पण नाव राहिलं.

रत्नपारखी_77

विषय चांगला आहे, पण मूळ शब्द रत्न. मणी हा उपप्रकार. नवरत्नांत पोवळं-मोती सोडले तर सगळे दगडच. रत्न म्हणजे ज्यात ग्रहांची शक्ती असते. ज्यांना आपल्या राशीप्रमाणे

(पुढचा मजकूर जाहिरात असल्यामुळे काढला आहे. संपादक)

पोथीवाले_गुरुजी, बुधवार सकाळी 6.00

जाहिरात गेली ते बरं झालं, पण शब्द चांगला काढला. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा पाहा: "होतारं रत्नधातमम्". अग्नी रत्नं देणाऱ्यांत सर्वांत मोठा. हिरे-माणकं देतो का? वेदातल्या शब्दांचा जुना भाष्यकार यास्क अर्थ सांगतो, "रमणीयानां धनानां दातृतमम्", रमवणारी धनं देणारा. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या संग्रहात, रत्न हा शब्द धनाच्या नावांच्या यादीत आहे. त्या काळचं धन म्हणजे गाई, घोडे, पोरंबाळं, अन्न. आमच्या परंपरेत त्याची व्युत्पत्ती रम् धातूपासून देतात.

परदेशी_पऱ्हाटी

गुरुजी, क्षमा करा, इथं थोडं वेगळं म्हणतो. आधुनिक कोश रत्नाला "रा" धातूशी जोडतात. रा म्हणजे देणे. रत्न म्हणजे दिलेलं, दान. "रत्नधा" या जोडीत देण्याचा अर्थ अधिक नीट बसतो.

पोथीवाले_गुरुजी

बसतो, मान्य. पण रम् सोडवत नाही मला. चाळीस वर्षं पोरांना तसंच शिकवलं.

परदेशी_पऱ्हाटी

नका सोडू. दोन्हींत दगड नाही, एवढ्यावर जमू.

आरमोरीकर, बुधवार संध्याकाळी

तुम्ही सारे नागपूर-यवतमाळकडचे. दगडाचं खरं गाव आमच्याकडे आहे, गडचिरोली जिल्ह्यात. वैरागड. खोब्रागडी आणि सातनाला नद्यांच्या संगमावर, किल्ला आहे, भंडारेश्वराचं देऊळ आहे. गावात विचाराल तर विराट राजाचं नाव सांगतील. ते गोड आहे, पण शब्दाचा माग वेगळीकडे जातो.

हिऱ्याला संस्कृतात वज्र. प्राकृतात वज्राचं वइर झालं. आकर म्हणजे खाण. वज्राकर, वइरागर, वैरागर. जुन्या मराठीत वैरागर हा हिऱ्याच्या खाणीसाठी साधा शब्द होता. पुढे किल्ला दिसत होता, खाण दिसेनाशी झाली, तेव्हा लोकांनी "गर"चा "गड" केला असावा असं मला वाटतं. हे माझं.

आणि कागद आहे. अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. त्याच्याही पाचशे वर्षं आधी चोळ राजा पहिला कुलोत्तुंग आपल्या तमिळ शिलालेखांत वयिरागरम इथं हत्ती पकडल्याचं मिरवतो. अभ्यासक ते वैरागडच धरतात. कुठं तंजावर, कुठं आमची खोब्रागडी! हत्ती पकडले म्हणतो, हिऱ्यांचं बोलत नाही. पण गावाच्या नावातच खाण आहे, आणि ती त्याच्या तोंडी बसलेली.

आता तिथं धान पिकतो. आमचा मामा म्हणतो, बांधीत वाकून वाकून हिरे असते तर एवढ्यात सापडले असते.

माती_खडक

आरमोरीकर, वा! आणि पाहा, वज्रही आधी दगड नव्हता. इंद्राचं हत्यार होतं. हिरा कशानं फुटत नाही असं मानत, म्हणून हत्याराचं नाव दगडाला मिळालं.

आरमोरीकर

म्हणजे रत्न हे दान, वज्र हे हत्यार, मणी ही मान. दगडाचं स्वतःचं असं काहीच नाही बिचाऱ्याचं.

फुकटचा_सल्ला

खडा आहे ना. डाळीत निघाला तरी खडा, दोन लाखांचा असला तरी खडा. मिठाचा खडा, तुरटीचा खडा, कानाला खडा. मराठी माणसानं दगडाची किंमत एकच ठेवली. मला हा शब्द सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पोतवाली

दगडाचं काहीच नाही म्हणू नका, आरमोरीकर भाऊ. भोक पाडणाऱ्याला विचारा. काचेच्या मण्यात भोक आधीच असतं, तार फिरवून काच गुंडाळतात. दगडात पाडायला बसलं तर दिवस जातो एका मण्याला. मध्यावर आला आणि फुटला, की दिवस गेला. माहूरझरीत अर्धवट भोकाचे फुटके सापडले म्हणाले ना, ते वाचून मला कसंतरीच झालं. तो फेकणारा माणूस दिसला मला, शिव्या देताना. म्हणून म्हणते, भोकाचाच मान आहे. दगड तर धुऱ्यावर पडलाच आहे.

पोथीवाले_गुरुजी

ताई, तुमचं हे वाक्य मी वर्गात सांगितलं असतं, पण आता वर्ग नाही.

माती_खडक, शुक्रवार

वावरधुरा, फोटो? मोजपट्टी शेजारी ठेवा. दोन्ही तोंडांचा जवळून काढा. भोकाच्या कडेला बारीक रेषा आहेत का ते पाहायचं आहे.

सातबारा

आणि अर्ज लिहिला का?

वावरधुरा, शनिवार रात्री 8.40

अर्ज लिहिला, सोमवारी तालुक्याला जातो तेव्हा देतो. फोटोचं मात्र जरा अडलं आहे.

पोळा तोंडावर आहे. बैलांच्या माळा, कवड्या, घुंगरं काढून आजी ओट्यावर बसली होती. बुधवारी आमची गाय व्याली, गोऱ्हा झाला. पांढरा, कपाळावर टिकली. मी वावरातून आलो तर मणी ताकात नाही. ("ताक" म्हणजे आमच्याकडे भिंतीतला कोनाडा, पिण्याचं नाही.) विचारलं तर म्हणे, "काया दोऱ्यात ओवला, बांधला वासराच्या गयात. सारं गाव पाहून जाते त्याले. दिष्ट लागन."

मी म्हटलं, आजी, तो फार जुना असू शकतो, सरकारला द्यायचा आहे.

"दे नं. पोया होऊ दे."

पोथीवाले_गुरुजी

अथर्ववेद, आणखी काय सांगू.

सातबारा

अहो काढा तो आधी! वासरू घासेल कुठंतरी, दोरा तुटेल.

माती_खडक

भाऊ, हात जोडतो. वासरासकट काढा फोटो, पण काढा.

वावरधुरा

दोनदा प्रयत्न केला. पहिल्या फोटोत शेपूट आलं, दुसऱ्यात जीभ. उद्या सकाळी दूध पिताना एक जागी राहते, तेव्हा भाच्याला बसवतो मोबाईल घेऊन.